बरणीला साडेआठ गुण

ती. मामांना,

वाकून नमस्कार. (कंबर हल्ली जेवढी वाकते तेवढाच, उरलेला मनातून केलाय असं समजावं.) तुमची तब्येत, मामींचा गुडघा आणि तुमच्या जिन्यातला तो लुकलुकणारा दिवा, तिघंही बरे असतील अशी आशा करते. मी मजेत आहे. रिटायर होऊन आठ महिने झाले तरी सकाळी सातला उठून एप्रन शोधते, आणि सापडला नाही की मग आठवतं आणि पुन्हा झोपते. तुमचं पत्र पोचलं. पेन बदलल्यामुळे अक्षर बिघडलंय असं तुम्ही लिहिलंत, तेही वाचलं.

तुम्ही विचारलंत की शनिवारी दुपारी फोन लावला तर ही कधीच घरी कशी नसते. मामा, मी फोटो मंडळात जाते. चष्म्याच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली आहे. तिथे दर शनिवारी तीन वाजता पंधरा-सोळा हौशी माणसं जमतात, खिडक्यांचे पडदे ओढतात, प्रोजेक्टरने भिंतीवर एकमेकांचे फोटो पाडतात आणि त्यांना गुण देतात. फोटो कोणाचा ते सांगायचं नाही, असा नियम. प्रत्येकाने फोटोबद्दल चार वाक्यं बोलायची, मग चिठ्ठीवर दहापैकी आकडा लिहून ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मंडळाचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत. ते डबा हलवतात, चिठ्ठ्या उघडतात, सरासरी काढतात आणि ज्या आवाजात पेशंटला "दाढ काढावी लागेल" म्हणत असतील त्याच आवाजात ती वाचून दाखवतात.

मला याचं भारी कुतूहल वाटलं, कारण एकतीस वर्षं मी हॉस्पिटलात माणसांच्या आतले फोटो काढले, पण त्यांना गुण कोणी दिले नाहीत. एक्स-रेवर शेरे दोनच: "आलाय" किंवा "परत काढा". "वा, बरगडी काय पडलीय!" असं आजतागायत कोणी म्हणालेलं नाही. आणि मत द्यायला तर मलाही बंदी. पेशंट शर्टाची बटणं लावता लावता माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि हळूच विचारायचे, काय दिसलं हो ताई? मी म्हणायचे, "रिपोर्ट डॉक्टर देतील." दिसलेलं तर असायचंच, मामा. सगळ्यांत आधी मलाच दिसायचं. पण एकतीस वर्षं ते एकच वाक्य. (झोपेतही म्हणायचे, असं तुमचे जावई सांगतात. त्यांचं सगळंच ऐकू नये, पण हे खरं असावं.) त्यामुळे जिथे दिसलेलं बोलून दाखवायची सक्तीच आहे, अशी खोली म्हणजे मला गुळाची ढेप वाटली आणि मी मुंगीसारखी चिकटले.

पहिला फोटो मी शेजाऱ्यांच्या अंगणातल्या नळाचा नेला. नळ बरोबर मधोमध, सरळ, चारी बाजूंना सारखी जागा. सरासरी पडली साडेचार. दंतवैद्यांनी दोन बोटांची चौकट करून डोळ्यांसमोर धरली (ते जगाकडे याच चौकटीतून बघतात, त्यांच्या खुर्चीत बसलेल्या पेशंटचं काय होत असेल कोण जाणे) आणि म्हणाले की विषय कधीही मध्यात ठेवू नये, एक-तृतीयांशावर ठेवावा. आता मी गुडघा एक-तृतीयांशावर ठेवला असता तर हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी मलाच एक-तृतीयांशावर आणलं असतं. पण नवीन सून आणि नवीन सभासद यांनी पहिले सहा महिने मान हलवावी, म्हणून हलवली.

मग घरी येऊन मी एक वही सुरू केली. कोण कशाला किती गुण देतो ते लिहू लागले. मामा, काय सांगू, खजिना सापडला! दहा पायऱ्यांची शिडी असूनही ही मंडळी पाच ते आठ याच पायऱ्यांवर चढउतार करतात. पाचाच्या खाली गेलं तर वैर, आठाच्या वर गेलं तर लाळघोटेपणा. (माझा साडेचार म्हणजे अपवादात्मक अपमान होता हे मला वही सुरू केल्यावर कळलं. अज्ञानात सुख असतं ते असं.) फोटो निनावी, पण ते फक्त नावापुरतं. पक्षी दिसला की दंतवैद्य, धुकं दिसलं की भूगोलाच्या बाई, हे सगळ्यांना पाठ. भूगोलाच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्यात, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला: "आपली नजर कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते?" जणू नजर म्हणजे पाहुणी आणि फोटो म्हणजे बिनदाराचं घर. गेल्या शनिवारी ज्याने आपल्याला सात दिले त्याला या शनिवारी सात, हाही हिशेब वहीत स्वच्छ निघाला. टीकेचीसुद्धा रीत आहे: आधी दोन गोड वाक्यं, मग 'पण', आणि मग खरं. 'पण' आला की फोटो काढणारा पाणी प्यायला उठतो. त्यावरूनही ओळखू येतो.

या सगळ्यात एकच माणूस माझ्या वहीत बसेना. मागच्या खुर्चीवर एक फिटर बसतात, कारखान्यात पंप जोडतात. त्यांना चार वाक्यं कधीच सुचत नाहीत. एकदा धुक्यातल्या झाडाच्या फोटोवर सगळे गूढता, एकाकीपणा वगैरे बोलून झाल्यावर ते म्हणाले, "झाड डावीकडे कललंय. मुळाशी पाणी साचत असेल." बस्स. गुण सहा. त्यांच्या आकड्यांना ना नातं, ना परतफेड. मला त्यांचा अंदाज लागेना, म्हणून मी त्यांच्याकडेच जास्त लक्ष देऊ लागले.

आता मुख्य गोष्ट, आणि आधी माफी. गेल्या महिन्यात मी तीन दिवस तुमच्याकडे राहिले, तेव्हा एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहून मधाची बरणी उघडत होता. बरणी पोटाशी धरलेली, डोळे मिटलेले, ओठ घट्ट, खिडकीचा उजेड अर्ध्या चेहऱ्यावर. आतून मामी म्हणत होत्या की द्या इकडे, आणि तुम्ही म्हणत होता की झाकणं लावतेस की कुलपं ठोकतेस. मी तुम्हाला न विचारता फोटो काढला. (सवयीने "श्वास रोखा" म्हणणार होते, पण तो तुम्ही आधीच रोखला होता.) आणि न विचारताच तो मंडळात नेला.

मामा, तुम्ही भिंतीवर आठ फूट उंच झालात. मग दंतवैद्य म्हणाले की या माणसाच्या जबड्यात आयुष्यभराचा पराभव दिसतो. (खालची एक दाढ नाही, हेही त्यांनी गालावरून ओळखलं. ते बरोबर आहे ना?) भूगोलाच्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या की बरणीत बहुधा कोणाची तरी शेवटची आठवण आहे, ती हा वृद्ध मनुष्य उराशी धरून बसलाय, आपली नजर शिरते पण बाहेर पडू शकत नाही. एकाने वियोग म्हटलं, एकाने मौन. तुम्ही आणि मौन! मामी ऐकत्या तर फोटोला चौकट करून देवघरातच ठेवत्या. मी खाली मान घालून बसले होते. हसू आवरणं आणि खरं न बोलणं, दोन्ही एकाच तोंडाने करायचं होतं.

शेवटी फिटरची पाळी आली. ते उठून भिंतीजवळ गेले, सावली पडू नये म्हणून बाजूला उभे राहिले, आणि बराच वेळ तुमच्या हाताकडे बघत राहिले.

"झाकण उघडलं का?" त्यांनी विचारलं.

"प्रश्न विचारायचे नाहीत, मत द्यायचं," दंतवैद्य म्हणाले.

"मग मत असं, की नसेल उघडलं. यांचा उजवा अंगठा जोर लावत नाहीये. चार बोटं राबतायत, अंगठा नुसता टेकलाय."

"अहो, फोटोबद्दल बोला. अंगठ्याबद्दल काय बोलता?" बाई वैतागल्या.

"बाई, अंगठा फोटोतच आहे."

मला राहवलं नाही. मी उठून नियम मोडला. म्हटलं, फोटो माझा, हे माझे मामा, बरणीत मध आहे, आणि झाकण शेवटी मामींनी उघडलं. खोलीत जो सन्नाटा पसरला तो मौनाचा खरा नमुना. बाईंनी आपली चिठ्ठी परत मागितली. दंतवैद्य म्हणाले, डब्यात गेलेली चिठ्ठी आणि निघालेली दाढ परत बसत नाही. सरासरी साडेआठ. मंडळाच्या इतिहासात सर्वांत जास्त. फिटरनी पाच दिले होते. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "हात बघायचा तर उजेड हातावर हवा होता. तुम्ही चेहऱ्यावर घेतलात."

असं आहे सगळं. फोटो बघताना माणसं फोटो कमी आणि स्वतःला जास्त बघतात, एवढा शोध माझ्या वहीतून लागला. तो काही फार मोठा नाही, पण शनिवारची दुपार बरी जाते. मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवायला सांगा.

तुमची भाची

ता. क. तो फोटो मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी निवडला गेलाय. फोटोतल्या माणसाची लेखी संमती लागते, म्हणून सोबत एक कागद जोडलाय. खाली सही करायची. वाकडी आली तरी चालेल. पेनचा दोष असेल.

ता. क. २. मामा, पेनचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो फोटो मोठा करून पाहिला, एक्स-रे बघायचे तसा, मधोमध. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो उंचवटा असतो, तो तुमचा सपाट झालाय. डावा हात शेजारी धरून बघा, आत्ता, हे वाचतानाच. झोपेत हाताला मुंग्या येतात म्हणून तुम्ही तो झटकत होता, दोन कप हातातून निसटले आणि तुम्ही साबणाला बोल लावलात. हे सगळं मी तीन दिवस समोर बसून पाहिलं आणि मला दिसला तो खिडकीचा उजेड. काखेत कळसा म्हणतात तो हा. मी फोटो आमच्या हॉस्पिटलातल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, मनगटात नस दबली असणार, तपासणी करू, लवकर आले तर हात वाचेल, उशीर केला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही. चाळीस वर्षं तुम्ही ज्या हाताने इमारतींचे नकाशे काढलेत, पट्टीशिवाय सरळ रेघ मारून आम्हा पोरांना थक्क केलंत, तो हात आहे हा. पेशंट विचारायचे तेव्हा मी कधी सांगितलं नाही. तुम्ही तर विचारलंही नाहीत, तरी सांगतेय. येत्या मंगळवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय. खरं तर एवढंच लिहायचं होतं. पण तीन ओळींचं पत्र आलं असतं तर तुम्ही घाबरला असता, आणि घाबरलात की तुम्ही कुठेच येत नाही.

ता. क. ३. मामींपासून हे लपवू नका, कारण त्यांना तुमच्या आधीपासून माहीत आहे. काल फोनवर बोलले तेव्हा म्हणाल्या, दोन महिने झाले, घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं त्या रोज सकाळी आधीच सैल करून ठेवतात, तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून. त्या दिवशी मधाची तेवढी राहून गेली. तुमची बॅग त्यांनी भरून ठेवलीय. भांडायचंच असेल तर दोघं गाडीत भांडा. मी थांब्यावर घ्यायला येते, कॅमेरा घरी ठेवून.