कोर्ट उठेपर्यंत

बंदर, ता. १४ एप्रिल १९६३

श्री. भाई यास,

गुरुदासचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. इकडील मंडळी देवाच्या कृपेने खुशाल आहेत (माझा डावा गुडघा सोडून, पण त्याला कोणी मंडळीत धरीत नाही). तुझी प्रकृती कशी आहे ते कळवावे. सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मुलांची नावे मला ठाऊक नाहीत. दहा वर्षांत तुझी तीन कार्डे आली, त्यांत ती तू लिहिली नाहीस. सबब आशीर्वाद मोघम पाठवीत आहे, ते त्यांनी आपसांत वाटून घ्यावेत.

पत्रास कारण की आपली नगरपालिका स्मरणिका काढते आहे आणि तीत 'बेंच कोर्टाचे न्यायाधीश : परिचय व कार्य' असा लेख मी लिहावा असे ठरले आहे. तेरा वर्षे मी त्या बेंचचा कारकून, तेव्हा मी नाही लिहायचा तर कोण? पण चिटणिसांनी अट घातली, माणशी बारा ओळी. शिक्षण, पूर्वीचा व्यवसाय, नेमणुकीचे कारण, गाजलेला निकाल. आता लवू तांडेल बारा ओळींत बसवायचा म्हणजे गलबत घागरीत बसवण्यापैकी आहे. म्हणून म्हटले, आधी तुला सविस्तर लिहावे, हात मोकळा होईल, मग बारा ओळींचे बघू.

वहिनी मुंबईच्या, त्यांना वाचून दाखवशील तर आधी एवढे सांग की आपल्या बेंचवर तीन मानद मॅजिस्ट्रेट असत. पगार कोणालाच नाही. दर मंगळवारी नगरपालिकेच्या माडीवर बसायचे आणि गावचे गुन्हे निकालात काढायचे. गुन्हे म्हणजे काय, तर रस्त्यावर सुकट वाळत घालणे, बिनदिव्याची सायकल हाकणे, विहिरीवर भांडणे आणि गुरे मोकाट सोडणे. खून आपल्याकडे होत नसत. झालाच असता तर तो रत्नागिरीला गेला असता, आमच्या वाट्याला कोण येऊ देतो.

तर लवू तांडेल. शिक्षण, मोडीत सही. व्यवसाय, तीस वर्षे मंगळुरी कौले भरून गलबत मुंबईला नेणे. नेमणुकीचे कारण असे की प्रांतसाहेबांची लाँच खडकावर चढली तेव्हा लवूने ती साहेबांसकट सोडवली आणि सोडवताना साहेबांना ज्या शिव्या दिल्या त्यांत साहेबांना निःपक्षपातीपणा आढळला. कायदा त्याला येत नव्हता, वारा येत होता. बिनदिव्याचा सायकलवाला एकदा म्हणाला, दिवा होता, वाऱ्याने विझला. लवूने विचारले, "खंय जाय होतस?" तो म्हणाला, वायरीला. "वारो खंयसून?" मागून, म्हणाला. "मगे दिव्याआदी तुझी पाठ थंड जावक होई," म्हणजे पाठीच्या आडोशाला दिवा विझेलच कसा, असे म्हणून लवूने दंड ठोकला. अपील झाले नाही.

दुसरे हरिश्चंद्र वैद्य. त्यांनी मामलेदारांची अकरा दिवसांची उचकी थांबवली होती (त्यांची नेमणूक त्याच महिन्यातली). ते आरोपीची जीभ बघितल्याशिवाय साक्ष ऐकत नसत. खोटे बोलणाऱ्याची नाडी डावीकडे चुकते असा त्यांचा सिद्धांत होता. निकालासोबत ते पथ्यही सांगत. विहिरीवर घागर फेकून मारणाऱ्या एका बाईला ते म्हणाले, दंड दोन रुपये आणि महिनाभर तिखट बंद. बाईने दंड भरला, आणि खरेच सांगतो, पुढे ती भांडली नाही.

आणि तिसरे अध्यक्ष, म्हणजे माझे दाजीमामा, म्हणजे तुझे वडील. बंदरावरच्या कस्टममध्ये सव्वीस वर्षे कारकून. एका देवगडच्या व्यापाऱ्याने भेट म्हणून धाडलेली हापूसची करंडी त्यांनी त्यालाच पावती करून परत केली. करंडी परत जाताना यशोदामामी दारात उभी राहून बघत होती, तो चेहरा मी विसरलो नाही. मामांची नेमणूक त्या करंडीमुळे झाली. घरात ते आपल्यासारखे मालवणी बोलत, पण माडीची सहावी पायरी चढले की जीभ शुद्ध होई. मी भाचा असून कोर्टात मला "कारकून" म्हणत आणि खाली उतरल्यावर "गुरुदास, चाय घेतलंस?" असे विचारत.

आता त्यांचा गाजलेला निकाल. तो तुझाच. त्याबद्दल गावात चार तऱ्हेने सांगतात, तू मुंबईत पाचव्या तऱ्हेने सांगत असशील. मी त्या दिवशी तिघांच्या पायाशी टेबल लावून बसलेला होतो, म्हणून मी पाहिले तेवढे लिहितो.

नर्मदाकाकीची गाय कोंडवाड्यात पडली होती आणि तिचे चार दिवसांचे वासरू घरी हंबरत होते. काकी विधवा, सोडवायला हातात पैसे नाहीत. तू गेलास, कोंडवाड्याचा अडसर काढलास. इथवर ठीक. पण गाय कोणती हे तू ओळखले नाहीस (तुला गुरे कधी ओळखता आली नाहीत) आणि सतराच्या सतरा जनावरे सोडून दिलीस. काकीची गाय नीट वासराकडे गेली, पंधरा बाजारात शिरली. सतरावा तो तांबडा वळू माडीचा जिना चढून भर कोर्टात आला आणि वैद्यांनी टेबलावर ठेवलेली औषधांची गाठोडी, अडुळसा, हिरडे, सुंठ, सगळे कागदासकट खाऊन उभा राहिला. मामांनी खिडकीतून कोंडवाड्याकडे बघितले. अडसर तुझ्या हातात होता. तू वर बघून हसलासही.

खटला पुढल्या मंगळवारी लागला, १२ मे १९५३. तुझी मुंबईची नोकरी ठरली होती, त्याच दिवशी दुपारी तीनच्या आगबोटीचे तिकीट होते आणि ट्रंक सकाळीच धक्क्यावर गेली होती. घरात त्या नोकरीवरून महिनाभर काय चालले होते ते मी पुन्हा लिहीत नाही. मामांना तू इथे हवा होतास, तुला इथून जायचे होते, आणि मामी दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढीत होती.

मुलाचा खटला म्हणून मामा खुर्चीवरून उठले आणि लोकांच्या बाकावर जाऊन बसले. उरले दोघे. लवू म्हणाला, "गाय वासराकडे गेली. ह्येत गुन्हो खंयचो?" निर्दोष. वैद्य म्हणाले, दोषी. (त्यांना विचारले असते तर त्यांनी वळूलाही फाशी दिली असती. दोन दिवस ते त्याच्यामागे फिरत होते, पण सुडाने की औषधाचा गुण बघायला, हे कळले नाही.) एकास एक झाले. आता पुढे काय, कोणालाच ठाऊक नाही. लवू म्हणाला, सोडून देऊया, जेवायची वेळ झाली. वैद्यही चुळबुळ करू लागले होते. तेवढ्यात मागल्या बाकावरून मामांचा आवाज आला, "समसमान मते पडल्यास अध्यक्षांचे मत निर्णायक धरावे. नियम नववा." कोणी विचारले नव्हते, भाई. गप्प बसले असते तर तू सुटला होतास. पण नियम ठाऊक असताना गप्प बसणे त्यांना करंडी ठेवून घेण्यासारखे वाटले असणार.

ते परत खुर्चीवर आले, टोपी सारखी केली आणि तुझ्याकडे न बघता म्हणाले, "आरोपी दोषी. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत साधी कैद." लोक हसले. तूही हसलास. हसण्यासारखेच होते, कारण पुढे एकही खटला नव्हता. साडेबारा वाजले होते. मामा उठले की कोर्ट उठले, कोर्ट उठले की तू मोकळा. ही शिक्षा म्हणजे शिक्षाच नव्हे.

पण मामा उठले नाहीत.

एक वाजला. लोक पांगले. वैद्यांकडे रोगी खोळंबले होते, ते गेले. दोनला मामी स्वतः पेज आणि सुक्या बांगड्याची कोशिंबीर घेऊन जिना चढून आली. तू तोंड फिरवलेस, मामा म्हणाले, "कोर्ट चालू आहे." मामी तशीच उभी. मग लवू म्हणाला, "वयनी, अन्नाक नाय म्हणू नये," आणि दोघांची पेज एकटा प्यायला. त्यानंतर तो भिंतीला टेकून घोरू लागला, पण गेला नाही. का गेला नाही ते मी त्याला कधी विचारले नाही.

अडीच वाजता तू ओरडलास, "बाबा, उठा! बोट जातली!" मामा कोंडवाड्याच्या नियमांचे पुस्तक वाचत होते. तासाभरात त्यांनी पान उलटलेले नव्हते. तुला वाटले, सूड. गावालाही तेच वाटले. मी कागद पुढे करायच्या निमित्ताने उठलो आणि कानाशी जाऊन म्हटले, "मामा, उठा आता. पडाव सुटतले." तेव्हा ते कोर्टात पहिल्यांदा आणि शेवटचे मालवणीत बोलले. हळू बोलले, तुला ऐकू जाणे शक्य नव्हते.

"गुरुदास, मी उठलंय तर तो जातलो."

मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो. दुसरे काय करणार? तीनला भोंगा झाला. खिडकीतून उतारूंना बोटीवर पोचवणारे पडाव दिसत होते, किल्ल्याच्या पलीकडे बोटीचा धूर दिसत होता. तू खिडकीकडे पाठ करून उभा होतास, मामा खिडकीकडे बघत होते. तुझी ट्रंक मात्र वेळेवर पडावात चढली आणि तुझ्याआधी दोन दिवस मुंबईला पोचली. पाचला मामांनी पुस्तक मिटले, कोर्ट उठले. तू म्हणालास, "एक दिवस माझो खाल्लात," आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस. टी. ने आंबोली घाटातून गेलास तो गेलासच. मामा त्या पहाटे माडीवर बसून होते. मंगळवार नव्हता.

आता ते दिवस गेले. लवू गेल्या भाद्रपदात वारला. त्याच्या तिरडीबरोबर दंड झालेले निम्मे गाव होते आणि जो तो आपापला निकाल कौतुकाने सांगत होता. वैद्यांना ऐकू येत नाही, ओट्यावर बसून स्वतःचीच नाडी बघतात आणि आज खोटे बोललो नाही म्हणून समाधान मानतात. बेंच बंद होते आहे. पगारी मॅजिस्ट्रेट आला आहे, कोल्हापूरचा, पोरसवदा, हुशार. बारा वाजेपर्यंत तीस खटले संपवतो आणि कोणाला जीभ बाहेर काढायला सांगत नाही. बेंचची शेवटची बैठक १४ मे रोजी, मंगळवारीच. मामा चौऱ्याहत्तरचे झाले, पायऱ्या मोजून चढतात.

तेव्हा तुझ्याकडे काम एवढेच. तिन्ही न्यायाधीशांचा एकत्र काढलेला एक फोटो तुझ्या ट्रंकेत गेला होता असे मामी म्हणते. स्मरणिकेसाठी तो पाठवून द्यावा. बाकी क्षेम. लोभ आहेच, तो कार्डाने का होईना कळवीत जावा.

तुझा आतेभाऊ,
गुरुदास

ता. क. फोटो टपालाने पाठवू नये, वाटेत दुमडतो. तो हाताने आणावा. १४ मेच्या आधीची बोट धरलीस तर बरे, पुढे पावसाळ्यात बोटी बंद होतात. खरे सांगायचे तर फोटोची फारशी जरुरी नाही. चिटणीस म्हणतात, फोटोंना जागाच नाही.

ता. क. २. अडीच वाजताचे मामांचे बोलणे मी कोणाला सांगायचे नाही अशी मला शपथ आहे. तू ते वाचले नाहीस असे समजून ये. बोलण्यासारखे काही नसले तर मुलांची नावे सांग. मामी रोज विचारते, आणि मामा विचारीत नाहीत, पण ती विचारते तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवतात.

ता. क. ३. तुझा नवा पत्ता मामांच्या डायरीत होता, म्हणून पाकीट त्यांच्याकडे दिले. डिंक ओला होता, पाकीट सहज उघडले. त्यांनी पत्र दोनदा वाचले, मला समोर उभे केले (घरात, पण शुद्ध बोलून) आणि शेवटी लाल पेन्सिलीने खाली लिहिले ते जसेच्या तसे राहू देत आहे :

"वाचले. मजकूर शाबीत होत नाही. लिहिणारास ताकीद देऊन सोडण्यात येत आहे. पत्र आजच्या टपालाने रवाना करावे."