वाकडी पट्टी

नौबाद, बीदर
१८ सप्टेंबर २०२४

ती. मल्लेश्वरी अक्कास,
शरणबसवचे शरणु शरणार्थी. वि. वि.

अव्वा तुझ्याकडे मंठाळला रमली असेल. तिच्या जास्वंदीला मी रोज पाणी घालतो, निदान तसं सांग.

अप्पांना जाऊन वर्ष झालं, त्यांची अँबेसिडर नुसती उभी होती. आता रंगवून घेतली. माणिकप्पा मेस्त्री म्हणतो, पुढची जाळी जुनी कामून ठेवायलाव, तिसरी पट्टी वाकलेली हाय, नवी काळी जाळी बसवू, गाडी नवरदेव दिसंल. मलाही पटतंय. पण अप्पा त्या जाळीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. रोज सकाळी त्या वाकड्या जागी तीन बोटं विभूती ओढूनच गाडी काढायचे. गाडीची एवढी पूजा मी दुसरीकडे पाहिली नाही. तुझं मत कळव.

लोभ आहेच, पण तो उत्तरातून दिसू दे.
तुझा शरणबसव

मंठाळ
२४ सप्टेंबर

चि. शरणबसवास अनेक आशीर्वाद.

अव्वाने जास्वंदीचं ऐकलं आणि हसली. तुला ओळखते ती. गाडीला रंग दे, सीटा बदल, हवं तर नवरदेवासारखं बाशिंग बांध. जाळी मात्र बदलू नकोस. फोन करून कारण विचारू नकोस, अव्वा कान लावून बसते. तुझं पत्र वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

माया आहे म्हणूनच धाक घालते.
अक्का

नौबाद
३० सप्टेंबर

ती. अक्कास शरणु शरणार्थी.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच नवी जाळी बसली. रागावू नकोस, जुनी घरात जपून ठेवली आहे. पण मला भीती वाटते. जाळी काढली तेव्हा वाकड्या पट्टीमागे रंगात रुतलेला हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. माणिकप्पाने तो माझ्या हातावर ठेवला. तेव्हापासून सकाळी गाडीपाशी गेलो की विभूतीचा वास येतो, आणि घरात तर विभूती लावणारं कुणी नाही. ती बांगडी कुणाची?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
शरणबसव

मंठाळ
५ ऑक्टोबर

चि. शरणबसवास आशीर्वाद.

आता लपवून काय करू? मी अकरा वर्षांची होते, तू पाळण्यात. खंडेनवमीला गाडीची पूजा करून, झेंडू बांधून अप्पा मला फिरवायला निघाले. मुडबीच्या वळणावर शेतातून एक बाई एकदम रस्त्यावर आली. धक्का लागला, पडली आणि लगेच उठलीही. म्हणाली, मला काय झालं न्हाई, जावा तुमी, लेकरू भ्यालंय. मी गळा काढून रडत होते. अप्पा खाली न उतरताच निघाले. तिसऱ्या दिवशी कळलं, ती बाई गेली. गंगव्वा तिचं नाव.

त्यानंतर दर खंडेनवमीला अप्पा एकटेच गाडी घेऊन जायचे. आपल्याला वाटायचं, बसवकल्याणला दर्शनाला जातात. ते त्या वळणावर थांबायचे आणि तसेच परत फिरायचे. मला एकदाच म्हणाले, मल्ले, ही पट्टी सरळ केली तर मी इसरंन. ती पूजा नव्हती रे. मी रडले नसते तर ते उतरले असते, हे आजही मला सोडत नाही.

या अक्काला पदरात घे.
मल्लेश्वरी

नौबाद
१३ ऑक्टोबर

ती. अक्कास शरणु शरणार्थी.

जुनी जाळी परत बसवली आणि खंडेनवमीला मुडबीच्या वळणावर जाऊन थांबलो. दार उघडायला हात उचलेना. तेवढ्यात शेतातून चाळिशीची एक बाई आली. माझ्याकडे न बघता तिने वाकड्या पट्टीवर हात ठेवला. ती गंगव्वाची लेक. या पट्टीवरूनच गाडी वळखायची मी, म्हणाली, गेल्या साली आली न्हाई. दरवर्षी गाडी दिसली की ती चहाचं आधण ठेवायची. कुणी उतरायचं नाही आणि आधण आटून जायचं. मग काचेशी वाकून म्हणाली, आज तरी उतरा.

मी उतरलो. अप्पांच्या वाटणीचा चहा प्यायलो. मी काही बोलायच्या आधी तिनेच विचारलं, ते भ्यालेलं लेकरू आता कसं हाय. तिची अव्वा शेवटचे तीन दिवस तेच विचारत होती म्हणे.

पुढच्या खंडेनवमीला तू ये आणि तिला तूच सांग.
तुझा शरणबसव