कर्ज फिटलं की झोपाळा

अण्णा,

कुंभकोणमला आल्यापासून मी दिवसभर तुमच्याच नावाने हाका मारत असते. इकडे वडिलांना नव्हे, थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, आणि अनोळखी पुरुषाशी आदराने बोलायचं तर तोही अण्णाच. त्यामुळे रिक्षावाला अण्णा, शेंगा निवडू न देणारा भाजीवालाही अण्णा. लग्न होऊन आले तेव्हा ही हाक माझ्या घशातून निघत नसे. मी रस्त्याच्या कडेला नुसती उभी राही आणि रिक्षा पुढे निघून जाई. आता सहज निघते. तुम्ही ज्या मुलीला शेवटचं पाहिलंत ती दहावीच्या निकालाची वाट पाहत होती. आज तिला तुमच्याशी गृहकर्जाविषयी बोलायचं आहे. बोलायचं म्हणजे भांडायचंच आहे. तुमच्यासमोर आवाज चढवण्याची हिंमत मला कधी झाली नाही, म्हणून लिहिते.

तुमचं कर्ज मला अजून पाठ आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतला पगार, दोन खोल्यांचं घर आणि त्यावर गावातल्या पतसंस्थेचा बोजा. हप्ता पगारातून कापला जायचाच, पण तुम्हाला तेवढ्याने चैन पडत नसे. जनगणनेचं काम आलं की तुम्ही घ्यायचात, मतदारयाद्यांचं घ्यायचात, रविवारच्या परीक्षांवर देखरेख करायला शेजारच्या गावात सायकलने जायचात, आणि त्याचे जे काही चार पैसे मिळत ते घरी न आणता परस्पर पतसंस्थेत नेऊन भरायचात. चौथीच्या शिष्यवृत्तीचे माझे पैसे आले तो दिवस आठवतो? मला शब्दकोश हवा होता, जाड, कापडी बांधणीचा. तुम्ही मला पतसंस्थेत घेऊन गेलात. खिडकी माझ्या कपाळापेक्षा उंच होती. तुम्ही माझ्या काखांत हात घालून मला उचललंत आणि म्हणालात, "दे, तुझ्या हाताने दे." आतले कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, "गुरुजी, पोरीचे तरी राहू द्या की." तुम्ही म्हणालात, "घर तिचंही आहे." मग नेहमीचं वाक्य: "आणि हे मुद्दलात जमा करा बरं का. हप्त्यात धरू नका." कारकून हसले. "दर खेपेला सांगता गुरुजी, पाठ झालंय आम्हाला." तुम्ही हसला नाहीत. घरी येताना मी ताठ मानेने चालत होते. कोणाच्याही वहीत न लिहिलेला असा पराक्रम आपण केला आहे, असं मला वाटत होतं. शब्दकोशाचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

आणि ती खुर्ची. बाजारपेठेत फर्निचरच्या दुकानाबाहेर वेताची आरामखुर्ची मांडलेली असे. मंगळवारच्या बाजारातून परतताना तुम्ही पिशव्या माझ्याजवळ द्यायचात आणि त्या खुर्चीत बसून डोळे मिटायचात. दुकानदार ओरडायचा, "गुरुजी, घेऊन टाका आता, झिजवली तुम्ही बसून बसून!" तुम्ही उठून धोतर झटकत म्हणायचात, "कर्ज फिटलं की." कर्ज फिटलं. मुदतीच्या कितीतरी आधी फिटलं. तुम्ही पेढे आणलेत, आईने देवापुढे ठेवले, आणि पुढच्या मंगळवारी आपण तिघं मुद्दाम खुर्ची आणायला गेलो. तुम्ही बसलात. डोळे मिटले नाहीत. हातांवर हात चोळत थोडा वेळ रस्त्याकडे बघितलंत आणि उठलात. "नको. आता सवय राहिली नाही," म्हणालात. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. आई अजून सगळ्यांना सांगते, "कोणाचं देणं ठेवून गेले नाहीत." मी तेव्हा त्या वाक्याने शांत व्हायचे. आता ते ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उडते.

कारण मी तुमचीच मुलगी निघाले. इथलं हे सासर तंजावूरकडच्या जुन्या मराठी घरांपैकी. यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आले आणि इथेच राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. घरातली मराठी टिकावी म्हणून महाराष्ट्रातली मुलगी हवी होती, तीही शिकलेली. मिळाली मी. शाळेत मराठीत पहिली, आणि पहिल्याच दिवशी सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ही तर पुस्तकच बोलते रे!" त्यांची मराठी माझ्या आजीच्याही आजीच्या तोंडची वाटते आणि तमिळच्या चालीवर झुलते, दोघींनी एकमेकींना समजून घेईपर्यंत वर्ष गेलं. नवरा इथल्या एका खासगी महाविद्यालयात संगणक शिकवतो. आम्ही कर्ज काढून गावाच्या कडेला लहानसं घर बांधलं. बांधताना सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली: बैठकीच्या खोलीत झोपाळा, इकडच्या भाषेत ऊंजल. छत ओतताना मिस्त्रीने चार जाड हूक बसवले. फळी आणि पितळी साखळ्या मात्र महाग निघाल्या, तेव्हा मीच म्हणाले, "कर्ज फिटलं की घेऊ." हे वाक्य कोणाचं, हे म्हणताना माझ्या ध्यानातही आलं नाही.

सासूबाईंच्या ध्यानातून मात्र ते हूक कधी गेले नाहीत. दुपारी पाय पसरून भिंतीला टेकतात, वर बघतात आणि मला ऐकवतात, "काय गे, हे हूक कशास लाविलेत? आम्ही वटवाघळें होऊन लोंबावें म्हणून?" देवळात ऊंजलचा उत्सव झाला की दुसऱ्या दिवशी कॉफीबरोबर हे ठरलेलं: "देवाससुद्धा ऊंजल आहे. आम्हांसच नाही. देवावर कर्ज नाही वाटतें." पावसाळ्यात त्या हुकांना दोरी बांधून मी कपडे वाळत घालते, आणि सासूबाई माझ्या नवऱ्याच्या लेंग्याखाली बसून जप करतात. मी हसते. मनात म्हणते, अजून थोडी वर्षं.

ती वर्षं लवकर यावीत म्हणून मी काय काय केलं, ते तुम्हाला आवडलं असतं. पुण्याच्या एका प्रकाशकाची शालेय मार्गदर्शकं मी घरी बसून तपासते. ऱ्हस्व-दीर्घाचे पैसे मिळतात, हे तुम्ही खरं मानलं नसतं. दुसरं काम तिरुभुवनमच्या एका रेशमी साड्यांच्या व्यापाऱ्याचं. त्याला फोनवर महाराष्ट्रातून गिऱ्हाइकं येऊ लागली आणि त्याला मराठीचं अक्षर येईना. त्याच्या वतीने मी संदेश लिहिते, साडी विकली गेली की थोडी दलाली मिळते. मी, जी वर्गात हात वर करायला लाजायची, ती आता नागपूरच्या बायकांशी घासाघीस करते. "वहिनी, फोटोत मोरपंखी दिसते, हातात आली की निळी निघाली तर?" "ताई, दिवसाच्या उजेडात काढलेला दुसरा फोटो पाठवते." "अन् भाव?" "भाव तोच." "वहिनी, तुमचं मराठी फार छान हो, मद्रासी वाटतच नाही तुम्ही!" व्यापाऱ्याला हे तमिळमध्ये समजावून सांगितलं तेव्हा तो गल्ल्यावर डोकं ठेवून हसला. डाळ शिजत असते, एका हातात पळी, दुसऱ्या हातात फोन, आणि जे मिळेल ते मी महिन्याच्या महिन्याला फोनवरूनच कर्जखात्यात भरते. नवरा म्हणायचा, "एकदा तरी स्वतःसाठी काही घे." मी म्हणायचे, "हे स्वतःसाठीच आहे." चार वर्षं मी हे केलं, अण्णा. एकही महिना सोडला नाही.

गेल्या महिन्यात बँकेत गेले. कर्ज आता कधी संपेल, एवढंच विचारायचं होतं; खरं तर कौतुक ऐकायला गेले होते. काचेपलीकडे माझ्याच वयाची अधिकारी होती. तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. शेवटच्या हप्त्याचं वर्ष तेच होतं, जे कर्ज घेताना कागदावर होतं. मी म्हणाले, मी तर दर महिन्याला जास्त भरते. ती म्हणाली, "हो मॅडम, दिसतंय ना. म्हणून तर तुमचा हप्ता दर वर्षी कमी करत आणलाय. नुकसान काही नाही." मी विचारलं, वर्षं का नाही कमी झाली? "त्यासाठी अर्ज द्यावा लागतो. जादा रक्कम मुदतीत धरा, हप्त्यात नको, असं लिहून. तुम्ही दिला नाहीत. सांगितलं असतंत तर त्याच दिवशी केलं असतं."

हप्त्यात नको. अण्णा, बँकेच्या त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला कपाळापेक्षा उंच ती खिडकी दिसली. तुम्ही दर खेपेला ते वाक्य म्हणायचात आणि मला तो तुमचा गुरुजीपणा वाटायचा, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याचा. तुमची काटकसर मी उचलली, मन मारणं उचललं, 'कर्ज फिटलं की' उचललं. कामाचं तेवढं एक वाक्य सोडून दिलं. चक्रवाढ व्याजात पैकीच्या पैकी गुण, औपचारिक पत्रलेखनात पैकीच्या पैकी गुण, आणि चार ओळींचा अर्ज न दिल्यामुळे चार वर्षं गेली. खिडकीशी जाऊन बोलावं लागू नये म्हणून मी फोनवरून भरत राहिले, हेही खरं. पण तुम्हीसुद्धा त्या वाक्याचा अर्थ कधी सांगितला नाहीत. मला नुसतं उचलून धरलंत आणि पैसे द्यायला लावलेत.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो गोंधळला. "हप्ता माझ्या खात्यातून आपोआप जातो. कमी जात होता खरा. मला वाटलं, व्याजाचा दर उतरला असेल."

"मग उरलेले पैसे कुठे गेले?"

त्याने खांदे उडवले. "घरातच. पेट्रोल, तांदूळ, आईची औषधं. कुठे उधळले नाहीत गं."

म्हणजे मी तपासलेली सगळी ऱ्हस्व-दीर्घं आम्ही कॉफीत विरघळवून पिऊन टाकली. पैसे बुडाले नाहीत, मला हिशेब कळतो. ते आमच्याच पोटात गेले. पण मी पैसे भरत नव्हते, वर्षं भरत होते. ती कोणी परत देणार नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि दाराशी येऊन म्हणाल्या, "रुसावें तर माणसावर रुसावें. बँकेवर रुसून भात का टाकितेस?"

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, मायना, सगळं इंग्रजीत आणि निर्दोष. अधिकारीबाईंनी शिक्का मारला. इथून पुढे जादा पैशांनी मुदत घटेल. नवऱ्याने सुचवलं, "आता थोडी जास्त कामं घेऊ या. दोघं मिळून भरून काढू." मी हो म्हणाले. साड्यांचा मोसम होता, व्यापाऱ्याकडून एरवीपेक्षा बरेच पैसे आले, आणि मी ते भरायला फोन हातात घेतला. त्याच वेळी मला तुम्ही दिसलात. पतसंस्थेत नव्हे, खुर्चीत. डोळे उघडे, हातांवर हात चोळणारे, सुटलेले आणि तरीही बसता न येणारे. अण्णा, मला तुमचा इतका राग आला की मी फोन खाली ठेवला. तुम्हाला कोणी अडवलं होतं? पतसंस्था नव्हती, हप्ता नव्हता, आई पिशवीत पैसे घेऊन शेजारी उभी होती, आणि मी उभी होते. एकदा तरी आम्हाला तुम्हाला घरच्या खुर्चीत आरामात बसलेलं बघू द्यायचं होतंत.

ते पैसे मी भरले नाहीत. सुताराकडे गेले, सागवानी फळी सांगितली, आणि भांड्यांच्या बाजारातून पितळी साखळ्या आणल्या. दुकानदाराला "अण्णा, जरा भाव कमी करा" असं म्हणाले, आणि त्याने केला. काल झोपाळा टांगला. सासूबाईंनी साखळीला कुंकू लावलं, फळीवर हात फिरवला आणि बसायच्या आधी मला विचारलं, "कर्ज फिटलें काय गे?" मी म्हणाले, "नाही." त्यांनी वर हुकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सेरी. बरें, असूं दे," आणि पाय उचलून घेतले.

हे पत्र मी त्याच फळीवर बसून लिहिते आहे. अक्षर हललं आहे; तुम्ही असतात तर पान फाडून पुन्हा लिहायला लावलं असतंत. पुन्हा लिहिणार नाही, आणि पाठवायला पत्ताही नाही. पुढच्या महिन्यापासून पैसे परत कर्जात जातील, मुद्दलात, मुदतीत, सगळं स्पष्ट लिहून दिलेलं आहे. फक्त एक गोष्ट आईलाही सांगणार नाही, ती तुम्हाला सांगते. काल सगळ्यांचे झोके घेऊन झाल्यावर मी एकटी बसले, पायाने जमीन रेटली आणि डोळे मिटले. बराच वेळ बसले. त्या सगळ्या वेळात मला तुमची आठवण आली नाही.