लाल ताऱ्यांची कड

३ ऑक्टोबर
आज जेवणाच्या सुट्टीआधी माझं आयुष्य बदललं. ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, अरे, आता सगळं तुझ्यावर अवलंबून आहे. तिनं ते एकदाच म्हटलं, पण मी संध्याकाळपर्यंत ऐकत होतो.
कॉलेजात ती प्रॅक्टिकलला माझी पार्टनर होती. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. लॅबच्या मास्तरांनी माझ्या रीडिंगवर शंका घेतली, मी त्यांच्या अकलेवर घेतली. ती शिकत राहिली. आता ती या संस्थेत पीएचडी करते आणि मी तिच्याच प्रोजेक्टवर टेम्पररी असिस्टंट. भावोजी इथल्या एसी प्लांटवर आहेत, त्यांनी शब्द टाकला म्हणून नोकरी लागली असं ताईचं म्हणणं. माझं तसं नाही.

४ ऑक्टोबर
काम समजून घेतलं. म्हातारे तारे फुगून लाल होतात आणि उजळत जातात. एका ठरावीक तेजाला पोचले की आत भडका उडतो आणि परत मंदावतात. त्या हद्दीपलीकडे लाल तारा जातच नाही, मग दीर्घिका कुठलीही असो. या हद्दीला आमच्यात कड म्हणतात. कड जितकी मंद दिसेल तितकी दीर्घिका लांब. पण ही फूटपट्टी आधी अंतर माहीत असलेल्या एखाद्या जवळच्या दीर्घिकेवर तपासून घ्यावी लागते. ती तपासणी म्हणजे तिची पीएचडी.
फोटोतला एकेक तारा बघायचा, चांगला ठेवायचा, खराब फेकायचा, हे माझ्याकडे. खराब म्हणजे दोन तारे चिकटून एक दिसतात ते. ते उगाचच जास्त उजळ वाटतात. ठेवायला एक बटण, फेकायला एक.
भडका उडणं हा ताऱ्यांचाही स्वभाव आहे हे वाचून बरं वाटलं.

६ ऑक्टोबर
खोलीला खिडकी नाही. पूर्वी इथं आकाशाचे फोटो घेतलेल्या काचेच्या जुन्या प्लेटा ठेवायचे. पलीकडे भावोजींचा प्लांट, दिवसभर घरघर. सुटून घरी जावं तर तिथं खुद्द भावोजी, झोपले की तीच घरघर. मी हॉलमधल्या सोफ्यावर. सोफा कधी रिकामा होणार हे टीव्ही ठरवतो.
राजीनामा लिहिला. कोणाला द्यायचा ते कळेना. मी नक्की कोणाच्या हाताखाली आहे ते कुठं लिहिलेलंच नाही.
ताई म्हणाली, एवढा जीव गुदमरतो तर डिग्री पुरी कर. म्हटलं, डिग्री घेऊन कोणाचं भलं झालंय? ती भावोजींकडे बघायला लागली. भावोजींकडे डिग्री आहे.
निश्चय : यापुढे रागवायचं नाही.

७ ऑक्टोबर
रागावलो. तिच्या गाइड सरांनी मीटिंगसाठी खुर्च्या आणायला सांगितल्या. मला! नेऊन ठेवल्या, नीट रांगेत, आणि मीटिंगवर बहिष्कार टाकला. कोणाच्या लक्षात आलं नाही ही गोष्ट वेगळी.
नंतर ती खोलीत आली. म्हणाली, सरांनी महत्त्वाचं सांगितलंय, बस, समजावते तुला. म्हटलं, मला सगळं ठाऊक आहे. म्हणाली, नक्की? म्हटलं, नक्की. मीटिंग ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असते.

१३ ऑक्टोबर
एका जुन्या रिसर्च पेपरात आमच्याच दीर्घिकेची कड सापडली. आकडा छापलेला. म्हणजे आपलाही तोच यायला हवा. माझ्या स्क्रीनवर प्रत्येक ताऱ्याच्या कोपऱ्यात त्याचं तेज लिहिलेलं असतं. बघतो तर ढीगभर तारे त्या कडेच्या पलीकडे, जास्त उजळ!
ही बिचारी तोंडघशी पडणार. रिझल्ट चांगला आला तर माझं नशीब उघडेल, असं ती परवा म्हणाली. कसं ते सांगितलं नाही, पण मला कळलं. पीएचडी झाली की घरचे विचारणार, पुढे काय. पुढे मी.

१४ ऑक्टोबर
विचारांती ठरलं. कडेपलीकडचे सगळे तारे चिकटलेले. खराब. फेकले. फेकलेल्यांचं फोल्डरही रिकामं केलं. टापटीप अंगातच असावी लागते.
भावोजी जेवताना म्हणाले, काय तारामास्तर, आज किती तारे तोडले? म्हटलं, मोजले नाहीत. ताईला ठसका लागला.

२१ ऑक्टोबर
तिला आलेख दाखवला. कड अशी, जणू सुरीनं कापलीय. ती स्क्रीनजवळ वाकली. म्हणाली, इतकी स्वच्छ? म्हटलं, हात लागतो त्याला. म्हणाली, एकेक तारा नीट बघितलास ना रे? मी पुन्हा एकदा चाळते सगळे. मी भडकलो. म्हटलं, विश्वास नसेल तर दुसरा माणूस बघ! तिचा चेहरा उतरला. सॉरी म्हणाली. चाळायचं राहिलं.
मला सॉरी म्हणाली. हे पुढे आमच्यात कधी भांडण झालं तर उपयोगी पडेल.

२८ ऑक्टोबर, दुपारी
उद्या झाकण उघडणार म्हणे. कसलं झाकण, ते विचारणं बरं दिसेना.
सरांनी आणखी एक सांगितलं. आकडा जमला तर तिला समुद्रापलीकडच्या मोठ्या दुर्बिणीवर जागा. तीन वर्षं. ती लाजून हसली. म्हणजे नशीब उघडेल ते हे!
मग मी एवढा कोणासाठी राबलो? तिला लांब धाडायला?

२८ ऑक्टोबर, संध्याकाळी
शांत झालो. लांब गेल्यावर माणसाला माणसाची किंमत कळते. तीन वर्षांत मी डिग्री करतो.

२९ ऑक्टोबर
झाकण असं : सरांनी सुरुवातीलाच सगळ्या ताऱ्यांच्या तेजात एक गुप्त आकडा मिसळला होता. सगळेच थोडे जास्त उजळ दिसावेत असा. खरा आकडा कोणालाच दिसू नये, म्हणजे कोणाचा हात मनाला हवं तिकडे वळणार नाही. हे त्या खुर्च्यांच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं.
आज तो आकडा वजा केला. खरी कड मी फेकलेल्या ढिगात होती. उरलेल्यांची कड इतकी मंद निघाली की अंतर माहीत असलेली दीर्घिका एकदम लांब पळाली. सगळे हसले. मग सरांनी आलेख मोठा केला आणि कोणी हसेना. म्हणाले, निसर्ग इतकं सरळ कापत नाही. तारे कोणी निवडले?
मी बोलणारच होतो. तेवढ्यात ती म्हणाली, यादी तपासायची जबाबदारी माझी होती सर, मी तपासली नाही. चूक माझी.
तिला मधेच तोडणं बरं दिसलं नसतं.

५ नोव्हेंबर
जागा दुसऱ्याला गेली. ती कुठं जात नाही. आनंद झाला. इथं कोण वाचतंय.
तिला सांगायला गेलो, की आपण परत जोमानं करू. ती माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसली होती. फेकलेलं परत मिळत नाही, म्हणून पहिल्या फोटोपासून सुरुवात. वर न बघता म्हणाली, आपण नाही. सरांना सांगितलंय, मी एकटी करते.
म्हटलं, मी सगळं तुझ्यासाठी केलं.
म्हणाली, मी मागितलं नव्हतं रे.
रागावली असती तर माझ्याकडे उत्तर होतं. ती रागावली नाही. बटण दाबलं, तारा ठेवला. दाबलं, ठेवला. एका ताऱ्यापाशी थांबली, मान वाकडी करून बघितलं, आणि तोही ठेवला. असं मी एकदाही थांबलो नव्हतो. पलीकडे घरघर चालू होती. मी उभा.
मग ती म्हणाली, जाताना दार लावून घे, स्क्रीनवर उजेड येतो.
बाहेर आलो. दार लावलं.