व्हिंटेज हँडबॅग, मु. पो. सापगाव

२६ जून २००२
ताई ठाण्याहून तीन जुन्या लेदर हँडबॅगा घेऊन आली. ती तिथे नर्स आहे. एका म्हाताऱ्या पेशंटबाईंनी कपाट रिकामे केले आणि तिला दिल्या. ताईच्या मते एक आईला बाजाराला होईल, एकीत विळे-कोयते राहतील. मी तिन्ही ताब्यात घेतल्या. रद्दीत आलेल्या एका इंग्रजी मासिकात मी अशा बॅगांचे फोटो पाहिले होते. यांना व्हिंटेज म्हणतात. डिक्शनरीत व्हिंटेज म्हणजे द्राक्षाचा हंगाम असे दिले आहे. डिक्शनरी चुकीची असावी.
निर्णय: जुन्या बॅगा घरच्या घरी साफ करून मूळ रूपात आणणे. शहापूर-मुरबाड पट्ट्यात हे काम करणारा एकही माणूस नाही. कॉम्पिटिशन शून्य.

२७ जून
पाटी रंगवली. रत्नदीप लेदर केअर, जुन्या हँडबॅग नव्यासारख्या. दहावीला माझे गणित आणि इंग्रजी राहिले, पण शुद्धलेखनात माझा मार्क कोणी कापलेला नाही. पाटी शहापूर रोडवरून जाणाऱ्या एसटीतूनही वाचता येते.

२८ जून
बाबांनी पाटी वाचली. म्हणाले, चामडं नको रे घरात. तुझ्या आज्यानं दीक्षा घेतली त्या दिशी मेलेली ढोरं वढायचं सोडलं. त्यापायी आख्ख्या गावाशी वाकडं घेतलं. आन् तू चामडं घेऊन ओटीवर बसतोस?
उत्तर इथे लिहितो. आजोबांनी सोडले ते लादलेले काम होते. मी धरले आहे ते निवडलेले काम आहे. दोन्हीला सारखीच हिंमत लागते. मी आजोबांच्याच रस्त्यावर आहे, फक्त माझी दिशा उलटी आहे.
विरोध होणारच. विरोध झाला नाही तर काम मोठे नाही असे समजावे.

३ जुलै
काळी बॅग घेतली. मासिकात सॅडल सोप, म्हणजे खोगिराचा साबण, सांगितला आहे. शहापूरच्या दुकानदाराने विचारले, अंगाचा का कपड्याचा. कपड्याचा आणला. बॅग बादलीत भिजवून ब्रशने घासली. पाणी काळे झाले. दुसरे पाणीही काळे. म्हणजे आधीच्या मालकिणीने किती घाण साठवली होती पहा.

५ जुलै
काळी बॅग आता करडी आहे. मूळ रंग उघडा पडला असे मी मानतो. वाळताना एका बाजूला वाकली. बंद केली की आपोआप उघडते.
आईचा भाऊ कुंडलिकमामा आला होता. तो कसाऱ्याला रेल्वेच्या ठेकेदाराकडे आहे. दोरीवर लटकलेली बॅग बघून हात जोडून उभा राहिला. म्हणाला, भाचे, कधी गेली रे? जलदान विधी कवा ठेवलाय? आई पदर तोंडाला लावून हसत होती. घरात कोणी वारल्यावर जो विधी करतात त्याची चेष्टा मला पटत नाही. तसे स्पष्ट सांगायला हवे होते.
जाताना मामा बाबांना म्हणाला, पोराला माझ्याकडं धाड, मुकादमाला सांगून गँगवर लावतो.

६ जुलै
बाबांनी मुदत दिली. विहारात वर्षावासाचं वाचन संपेपर्यंत बघ. तवर तुझ्या कामाचं कोणी नाव काढलं तर ठीक, नायतर मामासंगं कसारा. मी लगेच हो म्हटले. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, पूर्ण पावसाळा हातात आहे. मला कसाऱ्याला पाठवण्याचा हा कट आहे हे मला कळते. मी कुठेही जाणार नाही.

१६ जुलै
तपकिरी बॅग. लेदरला तेल पाजावे लागते. मासिकातले तेल इकडे मिळत नाही. शेजारचे बाळूकाका बैलांच्या जखमेला करंजेल लावतात. बैलाला चालते म्हणजे बैलाच्या कातड्याला चालणारच. हा विचार मासिकवाल्यांना सुचलेला नाही. भरपूर पाजले.

१९ जुलै
तपकिरी बॅगेतून तेल अजून बाहेर येत आहे. लेदर तृप्त झाल्याचे लक्षण.

२१ जुलै
ताई ड्युटीला निघाली तर तिचा पांढरा युनिफॉर्म खुंटीवर बॅगेच्या शेजारी होता. ताई जे बोलली ते लिहिण्यासारखे नाही. रत्न्या, तुला हात लावायला एक माझीच वस्तू गावते का, हा त्यातला सौम्य भाग. सुशिक्षित माणसाकडूनही विरोध होतो, हे आज शिकलो.

२४ जुलै
वर्षावास सुरू. विहारात वाचन झाल्यावर कोणाला काही बोलायचे आहे का असे विचारले. मी उभा राहिलो. लादलेले काम आणि निवडलेले काम या विषयावर बोललो. हँडबॅगचे उदाहरण दिले. टाळ्या वाजल्या. बाबा खाली बघत होते. विचार पटला की माणूस खाली बघतो.
बाहेर आमच्या वस्तीतल्या सकुबाईने गाठले. म्हणाली, लेका ग्वाड बोललास. माझी वहाण तुटलीय, देतोस का टाचून? मी सांगितले, मी फक्त हँडबॅग करतो. ती म्हणाली, म्हंजी जी हितं कुनाकडंच नाय, तीच करतोस. आणि तुटकी वहाण हातात घेऊन गेली.
जागृतीला वेळ लागतो.

२ ऑगस्ट
तिसऱ्या बॅगेवर मगरीच्या कातडीची डिझाइन आहे. ती सर्वात किमती. आज काम सुरू करणार होतो, पण आत खुडूक कोंबडी बसली आहे. आई म्हणाली, अंडी घातलीत तिनं, हलवायची नाय. मी म्हणालो, ती व्हिंटेज आहे. आई म्हणाली, कोंबडीला ठाव नाय ते.
प्लॅनमध्ये बदल. आता प्रत्यक्ष गिऱ्हाईकाच्या बॅगेवरच लक्ष केंद्रित करायचे.

११ ऑगस्ट
गिऱ्हाईक आले! कमळबाई. आमच्या शाळेत मला शिकवायला होत्या, आता रिटायर होऊन मुरबाडला असतात. एसटीतून पाटी वाचली आणि खास उतरल्या. म्हणाल्या, पाटीत एकही चूक नाही बघ, मी लगेच ओळखलं, हा आपला रत्नदीप. ज्याचं शुद्धलेखन नीट त्याचं काम नीट.
बाईंची बॅग तांबूस रंगाची, खांद्याला अडकवायची. त्यांना नोकरी लागली तेव्हा त्यांच्या मिस्टरांनी, म्हणजे सरांनी, आणली होती. सर आता नाहीत. बाई म्हणाल्या, सगळी नोकरी हिच्यातच वह्या वाहिल्या रे. आता माझी लेक नेहा टोकावड्याच्या शाळेत लागतेय, दसऱ्यानंतर. पहिल्या दिवशी हीच तिच्या खांद्यावर बघायचीय मला. जास्त काही करू नको. धूळ पूस आणि चेन अडकतेय तेवढी बघ.
बाबा अंगणात होते. त्यांनी सगळे ऐकले. उठून मागच्या दारी गेले. पराभव पचवत असावेत.

१२ ऑगस्ट
धूळ पुसणे आणि चेन बघणे हे काम कोणीही करील. बाईंनी माझ्यावर विश्वास टाकला आहे. संपूर्ण रिस्टोरेशन करायचे ठरवले. घाई करणार नाही. आधीच्या बॅगांमध्ये घाई झाली होती. आधी अभ्यास.

२८ ऑगस्ट
अभ्यास चालू. बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पेटीत ठेवली आहे, म्हणजे धूळ, उंदीर आणि घरचे लोक लागणार नाहीत.

१० सप्टेंबर
पिशवी सोडली. बॅग हिरवी झाली आहे. बुरशी. आतून पांढरी, बाहेरून हिरवी. आत एक जुना खडूचा तुकडा होता, तोही मऊ पडला आहे. हवामानाचा दोष. मासिक थंड कोरड्या देशातले आहे, त्यांनी भारतीय वाचकांचा विचार करायला हवा होता.
घाबरलो नाही. छातीत थोडे धडधडले, ते पाटी उतरवताना शिडी चढल्यामुळे. पाटी तात्पुरती आत ठेवली आहे. पुन्हा रंग द्यायचा आहे.

११ सप्टेंबर
ऊन नाही. पण उपाय आपल्या घरातच होता. चुलीवर बांबूची चटई टांगलेली असते. पावसाळ्यात आई बियाणे, मिरच्या, सुकट सगळे त्यावर ठेवते, धुराने काही खराब होत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. बॅग तिथे ठेवली, सुके बोंबील थोडे बाजूला सरकवून.
आई म्हणाली, बाईंची हाय रे ती. मी म्हणालो, म्हणूनच.

२५ सप्टेंबर
बुरशी पूर्ण गेली! पद्धत यशस्वी. बॅग घट्ट झाली आहे, हाताने टकटक केले तर दारासारखा आवाज येतो. आकारही थोडा आटोपशीर झाला. पट्टा वाकवल्यावर कडकड वाजतो, म्हणून वाकवायचा नाही. थोडा वास आहे. बोंबलाचा म्हणता येणार नाही, पण मांजर बॅगेजवळून हलत नाही.
चेन मात्र अजिबात अडकत नाही. ती आता हलतच नाही.

४ ऑक्टोबर
बूटपॉलिश, चेरी रंग. पूर्ण डबी लावली. आरशासारखी बॅग! भेगा दिसत नाहीत. ताईला दाखवली. ताईने ती हुंगून बघितली आणि म्हणाली, रत्न्या, बाईंना आधी कळव रे काहीतरी. मी म्हणालो, प्रत्यक्ष बघतील तो आनंद वेगळा. ती म्हणाली, मी येऊ का संगं? आता सगळ्यांनाच श्रेय पाहिजे आहे. मी एकटाच जाणार.

१२ ऑक्टोबर, मुरबाडहून परत
डिलिव्हरी झाली. बाईंनी दार उघडले. पांढरी साडी नेसल्या होत्या. बॅग वर्तमानपत्रातून काढून हातात दिली. त्यांनी ती आधी उलटसुलट बघितली, जणू ओळखू येत नाही इतकी बदलली होती. मग एकदम उराशी धरली. मी इतका समाधानी कधीच नव्हतो. त्यांनी बॅग दूर केली तेव्हा साडीवर बॅगेचा चेरी रंगाचा ठसा होता, पट्ट्यासकट. मी लगेच सांगितले की नवीन पॉलिश पहिले काही दिवस असे करते.
बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. मग मी बॅगेला अडकवलेली चिठ्ठी वाचली. सूचना: पाण्यापासून, उष्णतेपासून व दमट हवेपासून जपावे. म्हणाल्या, शुद्धलेखन अजून छान आहे रे तुझं.
चहा दिला. बॅग बाहेर व्हरांड्यात ठेवली. हवा लागावी म्हणून असेल. शेजारचा कुत्रा आला होता.
परतीच्या एसटीत ठरवले: पुढच्या वर्षी मुरबाडला ब्रँच.

१७ ऑक्टोबर
शहापूर स्टँडवर नेहा दिसली. टोकावड्याला रुजू झाली. खांद्यावर कापडी पिशवी. मी विचारले, बॅग? ती म्हणाली, आई त्या बॅगेला कोणाला हातच लावू देत नाही, कपाटात ठेवलीय बंद करून. बघा. इतके जपतात बाई माझे काम. बाबांना हे सांगायला पाहिजे. त्यांनी म्हटले होते, कोणी नाव काढले तर.

२१ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा
विहारात वाचनाचा समारोप. खीरदान झाले. मी भाषणाची तयारी करून गेलो होतो. बाबांनी हात धरून बाहेर पिंपळाच्या पारावर नेले. म्हणाले, बस. आज बोलू नको आत.
मी म्हणालो, तुमचा विरोध मला माहीत आहे. आजोबांनी चामडे सोडले.
बाबा म्हणाले, माझ्या कमरेला काय हाय?
बघितले. पट्टा. चामड्याचा. मी लहान असल्यापासून तोच आहे. पायात चपलाही.
बाबा म्हणाले, चामड्याचा मला कसला राग? तुझ्या आज्याचं सांगितलं ते खरं हाय. पन मी ते पुढं केलं. तुला ह्या कामाचा हात नाय रे, रत्न्या. बादलीत बॅग बुडवलीस तवाच कळलं. पोराला असं तोंडावर कसं सांगायचं? वाटलं आज्याचं नाव घेतलं का गप बसशील. तू तर भाषणंच द्याया लागलास.
मी विचारले, मग बाई आल्या तेव्हा का नाही थांबवले?
म्हणाले, तुझा चेहरा बघितला नायस तू त्या दिशी. आनि त्या नुसती धूळ पुसायला सांगत व्हत्या. म्हटलं, धूळ तर पुसंल.
बाई परवा येऊन गेल्या म्हणे, मी शहापूरला गेलो होतो तेव्हा. तक्रार केली नाही. फक्त विचारले, सरांच्या वेळचा बॅगेला जो वास होता, तो परत येण्यासारखे काही असते का, रत्नदीपला विचारा. आणि मग ओटीवर बसून रडल्या. आई त्यांच्यासंगे रडली.
मला ते माहीत नाही. मासिकात तसे काही दिलेले नाही.

२३ ऑक्टोबर
बाबांना दिलेली सगळी उत्तरे पुन्हा वाचली. मुद्देसूद आहेत. एकही शब्द चुकलेला नाही. पण समोर कोणीच नव्हते. मी विचार बदललेला नाही. लादलेले काम सोडावे, निवडलेले धरावे, हे मी अजूनही म्हणतो. मामाला होकार कळवला आहे. तोही मीच निवडला.

२८ ऑक्टोबर, कसारा
मामाने मुकादमासमोर उभे केले. मुकादमाने विचारले, या आधी काय करत व्हतास?
मी म्हणालो, चळवळीत होतो.
मुकादमाने मला वरपासून खालपर्यंत बघितले. म्हणाला, आमी पन व्हतो. घमेलं तिकडं हाय.