आज उजेड बरोबर नाही

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन, म्हणजे गुडघे, सध्या रजेवर आहेत. उरलेल्या सहांवर भागवून घ्यावं.) इकडे सगळे ठीक. तुमचा मोतीबिंदू पिकला की अजून कच्चाच आहे, ते कळवा. तुमची लेक फोनवर सांगत होती की हल्ली तुम्ही दुपारभर झोपता आणि उठल्यावर 'मी झोपलोच नव्हतो' म्हणून भांडता. म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

पत्र लिहायला तसं काही विशेष कारण नाही. (हे वाक्य तुम्ही दोनदा वाचलंत, हे मला इथून दिसतंय.) तुम्ही घर आवरलंत तेव्हा तुमचा तो जुना कॅमेरा बिस्किटांच्या डब्यात घालून मला पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती, 'हा चालवणारा हात तुझ्याकडे आहे.' पन्नाशीच्या माणसाची स्तुती सहसा फक्त डॉक्टर करतो, तीही 'वयाच्या मानाने' असं म्हणून. त्यामुळे मी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि डबा कपाटावर ठेवला. तो खाली उतरायचं कारण तुमची ताई.

पुढच्या महिन्यात आई ऐंशीची होते. काय हवं, असं विचारलं तर म्हणाली, "माझा एक फोटो काढा. फिल्मवर. काळा-पांढरा." आता तिच्या फोटोंचा या घरात दुष्काळ आहे असं नाही. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ती दोनशे-दोनशे वेळा आहे. पण तिचं म्हणणं, त्या प्रत्येक फोटोत मी 'दाब की लवकर' असं म्हणतेय, आणि रंगीत फोटोत मागचे पडदे दिसतात, मी दिसत नाही. तिच्या लग्नाचाही फोटो नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? अख्ख्या छत्तीस फोटोंचा रोल तुम्हीच काढलात, तुम्हीच धुतलात आणि 'केमिकल खराब निघालं' म्हणून कोरी पट्टी तिच्या हातावर ठेवलीत. पुढे तुम्ही स्टुडिओ टाकलात, चाळीस वर्षं गावातलं एकही नाक सोडलं नाहीत, पण आईने 'माझा एक काढ रे' म्हटलं की खिडकीकडे बघून म्हणायचात, "ताई, आज उजेड बरोबर नाही." मामा, इतकी वर्षं सलग चुकीचा उजेड पडणारं दुसरं घर सूर्याने पाहिलं नसेल. तेव्हा या वेळी तिने तुमचं नावच काढलं नाही. म्हणाली, "धाकट्याला कशाला त्रास? तू काढ. जमेल तसा." त्या 'जमेल तसा'ने मी पेटलो.

आधी फिल्म मिळवणं आलं. ऑफिसखालच्या पासपोर्ट फोटोवाल्याला रोल मागितला तर त्याने मला समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात पाठवलं, तिथल्याने पंख्यावरची धूळ पुसायचा कागदी रोल दाखवला. मग तुमच्या त्या जुन्या दुकानदाराकडे गेलो, जो तुम्हाला पेट्यांनी माल पुरवायचा. तो आता मोबाइलची कव्हरं विकतो. कृष्णधवल फिल्म म्हटल्यावर त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं, आवाज खाली आणला आणि खालच्या खणातून एक डबी काढली. तिची मुदत एकोणीस वर्षांपूर्वी संपली होती. मी तसं म्हणालो तर दुखावला. म्हणे, "साहेब, चांगली वस्तू मुरते." (लोणच्याचा नियम त्याने रसायनशास्त्राला लावला. मी नमस्कार करून निघालो.)

शेवटी पत्ता लागला तो ग्रेनबाबाचा. हे नाव मी ठेवलंय. त्याचं खरं नाव विचारायची संधीच मिळाली नाही, कारण तो थांबत नाही. वय तिशी, दाढी साठीची. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर जे बारीक दाणे दिसतात त्यांना तो ग्रेन म्हणतो आणि म्हणताना डोळे मिटतो. त्याच्याकडे फिल्म विकत मिळत नाही, आपली पात्रता सिद्ध करावी लागते. फिल्म का हवी, डिजिटलने आपलं काय हिरावून घेतलं, शेवटचं हळू कधी जगलात, असे प्रश्न त्याने विचारले. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी इतकी चौकशी केली असती तर दोन घरं वाचली असती. त्याच्याकडे दर रविवारी मंडळी जमतात. सगळ्यांच्या गळ्यात आपल्या आजोबांचे कॅमेरे. मोबाइलने माणसाचं कसं वाटोळं केलं यावर तासभर बोलतात आणि मग त्या कॅमेऱ्यांचा फोटो काढतात, मोबाइलने. तिकडे बाकीचं जग मोबाइलवरच्या फोटोला फिल्मसारखं दिसायला लावतंय. म्हणजे दोघंही एकमेकांच्या घरी पाहुणे गेलेत आणि दोन्ही घरांना कुलूप. असो. मी 'आईसाठी' एवढंच म्हणालो, तर त्याने डोळे मिटले आणि मला तीन रोल आणि केमिकलच्या बाटल्या दिल्या. पुढचा माल कधी येईल सांगता येत नाही, म्हणाला. 'येईल तेव्हा तोच आपल्याला शोधेल.'

पहिला रोल सरावासाठी. जिना, मांजर, शेजाऱ्यांची मोटार (शेजारी पुसत होते, मग पोट आत घेऊन उभेच राहिले) असं सगळं काढलं. किती झाले ते कळेना, म्हणून भर दुपारी गच्चीत कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून बघितलं. मामा, ओरडू नका. आमच्या हिने तेवढं ओरडून घेतलंय. "दुधाचं पातेलं आहे का ते, उतू जातंय का म्हणून झाकण काढून बघायला?" हे वाक्य आता आमच्या घरात कुठल्याही प्रसंगी चालतं. परवा मी दाराच्या फटीतून पोस्टमन आलाय का पाहिलं, तरी ऐकावं लागलं. उरलेले दोन रोल तिने फ्रिजमध्ये भाज्यांच्या खाली ठेवले, 'यांच्यापासून लांब' अशी चिठ्ठी लावून.

दुसरा रोल आईचा. रविवारी सकाळी तिला पूर्वेच्या खिडकीशी खुर्चीत बसवली. पडदा अर्धा ओढला, मागची भिंत मोकळी केली, तुमच्या तोंडून लहानपणी ऐकलेले सगळे हुकूम सोडले. हनुवटी खाली, खांदे सैल, श्वास धरा. आई म्हणाली, "श्वास धरायला सांगू नकोस, या वयात सुटतो तेवढाच आपला." बघू कुठे, म्हणाली. माझ्याकडे बघ, म्हटलं. "तुझ्याकडे बघून चेहरा सरळ कसा ठेवू?" तरी बसली. दीड तास बसली, मामा, पाठ न टेकता. एकच अडचण, ती भिंगाकडे बघतच नव्हती. माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. खटका ओढला की हाताकडे, पुढचा ओढला की पुन्हा हाताकडे. मी मनात म्हटलं, वय झालं. मधेच एकदा ओठांच्या कोपऱ्यात अशी काही हसली की मी धडाधड सहा काढले. मोजून छत्तिसावा झाल्यावर मी विजयी मुद्रेने कॅमेरा खाली ठेवला, आणि ती म्हणाली, "झाला का कार्यक्रम?"

धुण्याचं काम बाथरूममध्ये. खिडकीवर घोंगडी, दाराच्या फटीत टॉवेल, आत मी, बाहेर रांग. काळोखात ती फिल्म धुण्याच्या डब्यातल्या चक्रीवर चढवायची, हे तुम्ही पानाला चुना लावावा तसं करायचात. मला चाळीस मिनिटं लागली. त्यात आईला नेमकं तेव्हाच आत यायचं होतं. "तुझा फोटो होतोय," मी आतून ओरडलो. "फोटो थांबेल, मी नाही," ती बाहेरून. केमिकल वीस अंशांवर हवं असं बाटलीवर लिहिलेलं, म्हणून घरातला थर्मामीटर बुडवला. तो तापाचा. पस्तिसाच्या खाली उतरायलाच तयार नाही. केमिकलला ताप नाही एवढं निदान मात्र पक्कं झालं.

आणि मग फिल्म बाहेर काढली. कोरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेसारखी स्वच्छ. खिडकीला धरली तर पलीकडचे शेजारी आरपार दिसले, पोट आत घेतलेले. मागे आई येऊन उभी होती. दीड तास पाठ न टेकता बसलेली बाई आपला फोटो बघायला आली होती, आणि मामा, माझ्या तोंडून काय निघावं? "केमिकल खराब निघालं."

आई हसायला लागली. इतकी, की हिने पाणी आणलं. पदराने डोळे पुसत म्हणाली, "शब्दसुद्धा तेच रे!" मग तिने कपाटातून बटणांचा डबा आणवला. त्यात तळाशी, कागदात गुंडाळून, तुमची कोरी पट्टी होती. अठ्ठावन्न वर्षं. मला वाटलं होतं फेकली असेल. "दोन्ही घेऊन जा त्या दाढीवाल्याकडे," म्हणाली, "आणि विचार."

ग्रेनबाबाने दोन्ही पट्ट्या उजेडावर धरल्या, भिंग लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात बोलला. कडेला एक ते छत्तीस असे बारीक आकडे दिसत होते, दोन्हींवर. ते कारखान्यातच फिल्मवर घातलेले असतात आणि धुतल्यावर उमटतात. केमिकल खराब असतं तर तेही उमटले नसते. "काका, केमिकल ठणठणीत आहे. फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नाही. शेपूट अडकवताना निसटलं असणार. ही दुसरी कुणाची? धुतलीय मात्र फारच सुंदर." तुमचं कौतुक म्हणून कळवतोय.

तेव्हा तुम्हालाही ते आकडे दिसले असणारच. तुम्ही अठरा वर्षांचे होतात, त्या दिवशी मागून आणलेला कोट घालून मांडवभर मिरवत होतात, व्याही मंडळी 'फोटोग्राफर, इकडे' म्हणून हाका मारत होती. त्या वयात खरं सांगणं अवघड, हे मी समजू शकतो. पन्नाशीतही मला जमलं नाही. पण तुम्ही केमिकलचं नाव सांगितलंत, आणि ते खोटं सांभाळायला चाळीस वर्षं बिचाऱ्या उजेडाला दोष दिलात. तेवढं एक मला जड जातंय. तुमच्या ताईला जड गेलेलं दिसत नाही, पण ती तशी दाखवतही नाही.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. मोतीबिंदूचं काय ते डॉक्टरांशी भांडण्यापूर्वी कळवा.

तुमचा, ज्याच्याकडे तो हात नाही असं आता सिद्ध झालंय असा,
भाचा

ता. क. तिसरा रोल फ्रिजमध्ये आहे. पुढचा कधी मिळेल ते ग्रेनबाबाच्या देवाला ठाऊक. मी तो उघडणार नाही, हिनेही तसं लिहून घेतलंय. आईचा वाढदिवस बारा तारखेला. दोन दिवस आधी या. येताना फक्त हात आणा, कॅमेरा इथे आहे. डोळ्याचं निमित्त सांगू नका, तुम्ही काढायचात तेव्हाही अर्धं काम अंदाजानेच चालायचं.

ता. क. दोन. पत्र आईला वाचून दाखवलं. मी विचारलं, पट्टी जपून का ठेवलीस, आणि दोष केमिकलचा नाही हे तुला कसं कळलं? तर म्हणाली, "धाकट्यानेच शिकवलं होतं. फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढला की डाव्या बाजूची चकती फिरायला हवी. नाही फिरली तर आत काही चालत नाहीये. लग्नात मी सगळा वेळ चकतीच बघत होते. नाही फिरली." मग तेव्हाच बोलली का नाहीस? "त्याच्या अंगावर तो कोट इतका छान दिसत होता, की म्हटलं, राहू दे. आणि खरं सांगू? पुन्हा सगळं पहिल्यापासून करा म्हणाले असते. तेवढा उत्साह नव्हता मला."

ता. क. तीन. परवाच्या रविवारी माझी चकतीही फिरत नव्हती, हे तिने दीड तास बघितलं. मी चिडलो तर म्हणाली, "म्हटलं बघू, तू तरी खरं सांगतोस का. मामावरच गेलायस." खाली ती स्वतःच्या हाताने लिहिते आहे. अक्षर समजून घ्या.

धाकट्या, ये. उजेड बरोबर आहे, मी रोज बघते. चकतीकडे माझं लक्ष राहील. या वेळी नाही फिरली तर बोलेन.