इवऱ्याचा बस्ता

बाबा, परवा अमरावतीला वर्गात एका तरुण प्राध्यापकांनी फळ्यावर तुमची रीत लिहून दाखवली. ती तुमची आहे हे त्यांना माहीत असण्याचं काही कारण नाही. ते मुंबईला गणकयंत्राचं काम शिकून आलेत आणि आमच्या ऑफिसातल्या आम्हा सात जणांना दर रविवारी सकाळी शिकवतात. यंत्र अमरावतीत नाही. यंत्र आम्ही कुणी पाहिलेलंही नाही. ते फळ्यावर चौकोन काढतात, चौकोनातून बाण काढतात, आणि यंत्राला काय काय सांगावं लागेल ते आम्ही वहीत लिहून घेतो. त्याला स्वतःचं काही कळत नाही, एकेक पायरी सांगावी लागते, असं ते पहिल्या दिवशी म्हणाले, तेव्हा माझ्या शेजारची मोर्शीची मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे आमचे जावई." सगळे हसले. मीही हसले, आणि मग जावई हसण्याचा विषय झाला म्हणून दिवसभर मला उगाच वाईट वाटत राहिलं. मी अजून तशीच आहे, बाबा.

परवाचा विषय होता शोध. शंभर नावांच्या क्रमवार यादीतून एक नाव काढायचं असेल तर पहिल्यापासून बघत जायचं नाही, ते म्हणाले. मध्यावर बघा. हवं ते नाव त्याच्या आधी येतं की नंतर, एवढंच ठरवा. उरलेली अर्धी यादी सोडून द्या. राहिलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. माझा हात लिहिता लिहिता थांबला. मी आपल्या अकोल्याच्या स्वयंपाकघरात बसले आहे, सात वर्षांची. आई चुलीपाशी तूर डाळ निवडते आहे, आणि तुम्ही कचेरीतून आणलेल्या जुन्या, फाटक्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या जमिनीवर पालथ्या मांडता आहात. कागदांच्या बस्त्यांवर बांधायच्या चिठ्ठ्या त्या, प्रत्येकीवर एका गावाचं नाव. तीस गावं, अ पासून ह पर्यंत ओळीनं. तुम्ही म्हणता, पातूर काढ. मी पहिल्या चिठ्ठीकडे हात नेते आणि तुम्ही हळूच माझ्या बोटांवर टिचकी मारता. "मंधात उघळ, माय. मांगं हाय का पुढं, तेवढं पाय. अर्धं सोळून दे." पाच वेळा उघडलं की कुठलंही गाव सापडतं, हे मला तेव्हा जादूसारखं वाटायचं. सोडून दिलेल्या अर्ध्याकडे तुम्ही परत बघूही द्यायचे नाहीत. मला मात्र त्याची काळजी वाटायची. तिकडे असलं तर?

माझी पहिली शाळा ती होती. दहा वर्षांची होईपर्यंत मी दुसऱ्या शाळेत गेलेच नाही. कचेरीत तुम्ही दप्तरी होतात. खटल्यांच्या मिसली, म्हणजे एकेका खटल्याच्या कागदांच्या जुड्या, लाल कापडात बांधून बस्ते करायचे, ते गावाच्या नावानं फडताळावर लावायचे, मागितली ती मिसल काढून द्यायची, परत आली की जागेवर ठेवायची. तुम्ही चौथी शिकलेले. पण बाबू लोक म्हणायचे की या माणसाच्या हातून आजवर एक कागद हरवलेला नाही, आणि हे वाक्य तुम्ही घरी येऊन आईला सांगायचे, दर वेळी नव्यानं सांगितल्यासारखं. आईचं शिकवणंही त्याच स्वयंपाकघरात चालायचं. डाळीतला एक खडा सापडला की मी ताट बाजूला ठेवायची, आणि ती म्हणायची, खडा भेटला म्हणून थांबायचं नसते, डाळ सरली की थांबायचं. प्राध्यापक याला फेरा म्हणतात. तेच तेच काम यंत्राकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचं. पण फेरा लिहिताना थांबायचं कधी ते त्यातच लिहून द्यावं लागतं, नाहीतर यंत्र तिथेच फिरत राहतं. मी कुलूप लावून जिना उतरते आणि परत वर जाऊन ते ओढून बघते. परत उतरते, परत जाते. ऑफिसात एक बेरीज चार वेळा करते. माझ्या फेऱ्यात ती ओळ लिहायची राहून गेली आहे. ती कधी राहिली, तेही मला माहीत आहे.

शाळेत मला घातलंत त्या वर्षी मी घरी येऊन तुमची भाषा सुधारू लागले. बाईंनी वर्गासमोर मला उभं करून 'आमी' नाही 'आम्ही', 'हाय' नाही 'आहे' असं दहादा म्हणायला लावलं होतं, आणि मुली तोंडावर हात धरून हसल्या होत्या. त्या दिवसापासून मी आपल्या घरात एकही शब्द आपल्या बोलीत बोलले नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. एकदा तुम्ही चिठ्ठ्या मांडत होतात आणि मी एक उचलून म्हणाले, "बाबा, इवरा नाही, हिवरा. ह ला वेलांटी. तुम्ही कचेरीत असं लिहिता?" तुम्ही चिठ्ठी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलीत. बोलायचं तसं तुम्ही लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं तसं लावलं होतं. तुमच्या फडताळावर ते गाव इ मध्ये होतं, अगदी सुरुवातीला, आणि तिथे ते तुम्हाला रोज बिनचूक सापडत होतं. मी रागावल्यासारखी बघत असेन. तुम्ही हसलात. "बरं झालं सांगतलं. आता आपली पोरगी शिकून राहिली, आपल्याले बी शिकाव लागन." दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन तुम्ही ते गाव इ मधून काढून ह मध्ये नेलंत. रात्री जेवताना तसं मला सांगितलंतही, निकाल दाखवणाऱ्या मुलासारखं. मी मान हलवली. बाईंसारखी हलवली असेन.

नागपूरहून दीक्षा घेऊन आपण सगळे पांढऱ्या कपड्यांत परत आलो, त्याच्या पुढचा उन्हाळा. मी तेरा वर्षांची. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हे कचेरीत कुणाला कळू द्यायचं नव्हतं. सुट्टी होती, म्हणून मी दुपारी तुमचा डबा घेऊन यायची आणि मग तिथेच थांबायची. बाबू लोकांना वाटायचं पोरगी बापाला मदत करते. खरं तर तुमचे डोळे मीच होते. तुम्ही दारापाशी स्टुलावर बसून गाव सांगायचे, मी फडताळांच्या रांगेत मध्यावर जाऊन उभी राहायची, मागं की पुढं ते ठरवायची, आणि बस्ता घेऊन यायची. मला त्याचा किती अभिमान होता. तुम्हाला त्याची किती भीती वाटत असेल ते मला आत्ता कळतं.

ती बाई, बाबूंनी दोनदा परत पाठवलेली, तिसऱ्यांदा आली तेव्हा ऊन उतरलं होतं. हिवऱ्याची. अंगावर धुऊन धुऊन विटलेलं हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत नकलेच्या अर्जाचा कागद. तिच्या नवऱ्याच्या हयातीत घराच्या जागेचा खटला चालला होता आणि निकाल त्याच्या बाजूनं लागला होता. आता भाऊबंद म्हणत होते की निकाल आमच्या बाजूनं होता. मूळ मिसल निघाली तर तिला नक्कल मिळणार होती, आणि ती तारखेच्या आत हजर करायची होती. ती बाबूंशी बोलली नाही, तुमच्यापाशी येऊन जमिनीवर बसली. "माही जागा हाय, दादा. कडुनिंबाखालची. कागद नाई भेटला तं मी कुठी जाऊ?" तुम्ही माझ्याकडे वळलात. ह मंधात पाय, माय, नीट पाय. मी गेले. ह मध्ये हिवऱ्याचा बस्ता होता. मी त्याची गाठ सोडली, एकेक मिसल वाचली, परत वाचली. तिच्या नवऱ्याचं नाव त्यात नव्हतं. मी परत येऊन स्वच्छ आवाजात सांगितलं, "नाही." तुम्ही मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुमचा माझ्यावर विश्वास होता. तुमच्या शब्दावर बाबूंचा होता. त्यांनी अर्जावर लिहिलं, शोध घेतला, मिसल आढळली नाही. बाईनं तो कागद घडी करून पिशवीत ठेवला, आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

श्रावणात तुम्हाला कावीळ झाली आणि दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी आईनं मला कचेरीतून तुमचा चष्मा आणि डबा आणायला पाठवलं. दप्तरखान्यात कुणी नव्हतं. डबा पहिल्या फडताळाच्या खालच्या कप्प्यात होता, भिंतीकडच्या कोपऱ्यात. तो ओढताना त्याच्या मागचा बस्ता दिसला. चिठ्ठीवर तुमच्या हातचं, जाड शाईचं, 'इवरा'. त्या गावाचे बस्ते दोन होते. नवा तुम्ही ह मध्ये नेला होतात. जुना, अंधारातला, तेव्हाच अंधुक होत चाललेल्या तुमच्या डोळ्यांना दिसला नव्हता. मी गाठ सोडली. तिसरीच मिसल तिच्या नवऱ्याची होती. निकालाचा कागदही होता. मी एवढं वाचलं तोच पलीकडे पावलं वाजली आणि मी सगळं परत बांधून आत ढकललं. तारीख उलटून आठ दिवस झाले होते. बाबूंना सांगितलं असतं तर तुमच्या डोळ्यांचं गुपित उघडं पडलं असतं, नोकरी गेली असती. म्हणून सांगितलं नाही, असं मी मला सांगत आले आहे. तुम्ही त्याच दुखण्यात गेल्यावर तर ती भीती उरली नव्हती. तरीही मी सांगितलं नाही.

परवा वर्गात प्राध्यापक म्हणाले की या रीतीला एकच अट आहे. यादी सगळी एकाच क्रमात हवी. अर्धी एका क्रमानं आणि अर्धी दुसऱ्या क्रमानं लावलेली असेल तर वस्तू यादीत असूनही यंत्र 'नाही' असं उत्तर देईल. त्यात त्याची चूक नसेल, आणि त्याला शंकाही येणार नाही. मी विचारलं, मग अशा यादीत शोधायचं कसं? ते म्हणाले, मग उपाय नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक बघायचं. मोर्शीची मुलगी माझ्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, काहून वं, बरी नाही काय? मी म्हणाले, ऊन लागलं.

तो उपायही मी करून पाहिला आहे, बाबा, वर्ग सुरू होण्याच्या पुष्कळ आधी. मिसलीवर तालुका कुठला होता ते मी वाचलंच नव्हतं, आणि वऱ्हाडात हिवरे काही एक नाही. नोकरी लागली त्या वर्षी मी जितके हिवरे कळले तितक्या गावांच्या शाळामास्तरांना एकेक कार्ड टाकलं. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. तिघांनी लिहिलं, या नावाचं घर इथे नाही. एकाचं आलं, ते माझ्या पेटीत आहे. कडुनिंब आहे, त्याखाली आता भाऊबंदांचं पक्कं घर आहे. बाई पोळ्याच्या सुमारास गाव सोडून गेली, कुठे ते गावात कुणाला माहीत नाही. बरीच वर्षं झाली, असंही त्यांनी लिहिलं आहे, मला बरं वाटावं म्हणून असेल. यापुढे कुठे बघायचं ते मला माहीत नाही. माणसं कुठल्याही क्रमानं लावलेली नसतात.

हे सगळं लिहिलं ते एका गोष्टीपाशी यायला उशीर व्हावा म्हणून. त्या दिवशी मी चष्मा घेऊन दवाखान्यात आले तेव्हा तुमचे डोळे पिवळे झाले होते आणि तुम्ही चष्मा लावून घेतला नाही. आई पाणी आणायला गेली होती. तुम्ही विचारलंत, "त्या बाईचा कागद भेटला काय, माय?" मी खोटं कधी बोलत नसे. सापडला, दिला, असं म्हणायचं ठरवून मी तोंड उघडलं, पण शाळेतल्या भाषेत ते निघेना. मग मी म्हणाले, "भेटला, बाबा. तिले देला."

तुम्ही केवढे हसलात. माझा हात धरून ठेवलात, आई आली तेव्हा तिला म्हणालात, पाय, पोरगी आपल्यासारखी बोलून राहिली. तीन वर्षांत तुमच्याशी तुमच्या बोलीत मी बोलले ते एवढंच, आणि ते खरं नव्हतं.